निळ्या खोलीतली ऊब

आमच्या घरातली उत्तरेकडची खोली निळी आहे. वडिलांच्या वेळेपासून चुन्यात नीळ कालवून तिला हात देत आले. नीळ कधी जास्त पडली, कधी कमी. त्यामुळे कुठे पोपडा निघाला की मागल्या चारपाच दिवाळ्यांचे निळे थर एकाखाली एक दिसतात. वडिलांनी हा रंग हौसेने निवडला नव्हता, उन्हाळ्याच्या धाकाने निवडला होता. चंद्रपूरचा मे महिना ज्याने काढला आहे त्याला हे समजावून सांगायला नको. पारा ४५ अंशांपलीकडे जातो तेव्हा त्या खोलीत शिरले की डोळ्यांना तरी पाण्यात उतरल्यासारखे वाटते.

पण उन्हाळ्याचा सोबती हिवाळ्यात परका होतो. गेल्या वर्षी मुलगी, जावई आणि नात नाताळच्या सुटीत येणार असे कळले, आणि त्या निळ्या भिंतींकडे पाहून मलाच हुडहुडी भरली. खोली उबदार करायची असे मी मनात घेतले. पांढरा झगझगीत दिवा काढून पिवळा लावला. बुरडाकडून बांबूची एक टोपली विणून आणली आणि ती दिव्यावर उलटी टांगली. भिंतीवर सावल्यांची जाळी पडली. खाली आनंदवनातल्या मागावरची सतरंजी अंथरली. खिडकीला जाड पडदा लावला. पलंगावर नवी मऊ रजई आली. तिथे आधी आईने जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ असे. ती मी घडी करून बाजूला ठेवली. खरे सांगायचे तर नव्या थाटात ती विजोड दिसत होती.

निळ्या रंगाला थंड म्हणणारा मी काही पहिला नव्हे. जर्मन कवी गटे याने रंगांवर मोठा ग्रंथ लिहिला. तो १८१० साली निघाला. निळ्या खोल्या प्रशस्त दिसतात, पण रित्या आणि गार वाटतात, असे त्याचेही निरीक्षण आहे. मात्र गटे चंद्रपूरला आला नव्हता. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे हजारो माणसांना धम्मदीक्षा दिली. त्या दिवसाच्या स्मरणासाठी दर वर्षी दीक्षाभूमीवर लोटणाऱ्या गर्दीत उभे राहून निळे झेंडे पाहावेत, आणि मग निळा रंग गार असतो असे म्हणून पाहावे! रंगाचे तापमान बरेचसे पाहणाऱ्याच्या आठवणीत असते.

खोली सजली तेव्हा आमच्या भिंतींना हात द्यायला येणारी मावशी तिथेच होती. ती वडशाकडच्या खेड्यातली. दोन दिवसांनी तिच्या गावी नाटक होते, म्हणून काम उरकून जायची तिला घाई. झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि होळीच्या सुमारास संपतो. नाटक रात्रभर चालते, आणि गावात नाटक म्हटले की घरोघर पाहुणे. तिने खोलीभर नजर फिरवली आणि विचारले, "इथं कितीक जनं झोपतीन, भाऊ?"

"तिघे," मी म्हणालो.

"तिघंच?" तिच्या आवाजात टोमणा नव्हता, नुसते आश्चर्य होते. तिच्या घरी वीसेक माणसे येणार होती. ओसरीत धानाची तणस पसरायची, वर चादरी टाकायच्या, आणि अंगाला अंग लावून निजायचे. बाहेर शेकोटी.

मला एकदम एक जुने वाक्य आठवले. हर्मन मेल्व्हिलच्या १८५१ सालच्या 'मोबी डिक' कादंबरीत असा विचार येतो की, पांघरुणाच्या उबेचे सुख हवे असेल तर शरीराचा थोडासा भाग, निदान नाकाचा शेंडा तरी, गार राहिला पाहिजे. विरोधाशिवाय सुख कळतच नाही. हे नाक माझे स्वतःचे असेपर्यंत ठीक आहे. पण जाड पडदा ओढून मी जी ऊब भोगतो, तिचे गार नाक बाहेर दुसऱ्याच कुणाच्या चेहऱ्यावर असले तर? पडद्याच्या पलीकडे थंडी आहे या जाणिवेनेच खोली अधिक उबदार वाटते, हे मी नाकारू शकत नाही. त्या जाणिवेत थंडीत असलेल्या माणसाचा किती वाटा असतो?

लगेच दुसरे मन म्हणाले, आता तणशीची महती गाऊ नकोस. तणस टोचते, तिची धूळ नाकात जाते, पहाटे शेकोटी विझली की लेकरे खोकतात. मावशीला रजई मिळाली असती तर ती तिने आनंदाने घेतली असती. दुसऱ्याच्या अडचणीला साधेपणा म्हणून गौरवणे ही सुखवस्तू माणसाची फार जुनी खोड आहे. आणि माझ्या नातीला मी गारठ्यात निजवल्याने वडशाकडच्या एकाही पोराची थंडी कमी होणार नव्हती. तेव्हा ऊब हा गुन्हा नव्हे. पण तिघांच्या खोलीसाठी महिनाभर खपलेला मी आणि वीस जणांसाठी अर्ध्या दिवसात तयारी करणारी ती, यांत पाहुणचार कुणाला अधिक कळला होता, हा प्रश्न काही त्या उत्तराने मिटला नाही.

तो मिटवण्यासाठी मी सोपा मार्ग काढला. बाजूला ठेवलेली वाकळ उचलली आणि म्हणालो, "ही घेऊन जा, पाहुण्यांना होईल."

तिने ती हातात घेतली, उलगडली, टाके पाहिले. "आईची ना?" तिने विचारले. मी मान हलवली. तिने ती पुन्हा नीट घडी करून पलंगाच्या पायथ्याशी ठेवली. "आईची वाकर कोनी देते का, भाऊ?" एवढेच बोलली आणि बादली उचलून बाहेर गेली.

मला नको होते तेच मी देऊ केले होते, हे तिला न सांगता कळले होते. मी थोडा वेळ तिथेच उभा राहिलो. मग नव्या रजईची घडी केली, आणि ती निघण्याआधी दारात गाठून तिच्या पिशवीवर ठेवली. तिने "नाही" म्हटले नाही. आभारही मानले नाहीत. "मंग तुमी बी या नाटकाले," म्हणाली.

सौभाग्यवतींनी रजईचे काय झाले ते विचारले, तेव्हा मी खरे तेच सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. वाकळ मात्र उन्हात टाकून आणली.

नात आली. तिला टोपलीतून पडणाऱ्या सावल्या आवडल्या, पडदा आवडला नाही. तो तिने पहिल्याच रात्री सरकवला. वाकळीतले लुगड्यांचे तुकडे बोटाने मोजत, हे कुणाचे, ते कुणाचे, असे विचारीत ती झोपली. तिसऱ्या दिवशी आम्ही सगळे वडशाकडे नाटकाला गेलो. पहाटे चारला शेवटचा अंक चालू असताना थंडीने माझे नाक पार बधिर झाले होते.