एकटेपणाला एकांत म्हणावे का?

महामारीच्या काळात हे वाक्य तुम्हीही ऐकले असेल, कदाचित कुणाला म्हटलेही असेल : "बरेच झाले, साधनेला एकांत मिळाला." ज्यांचे घर माणसांनी भरलेले होते, त्यांच्यापुरते ते खरेही होते. पण तेच वाक्य वसतिगृहात अडकलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला सांगितले तर? २४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली आणि मध्यरात्रीपासून लागू झाली. मधल्या चार तासांत जो घरी पोहोचू शकला नाही, तो होता तिथेच राहिला. मेस बंद, शेजारची खाट रिकामी.

आणि ज्यांनी त्याच वर्षी महाविद्यालयात प्रवेश घेतला, त्यांचे काय? मधला थोडा काळ सोडला, तर महाराष्ट्रातील महाविद्यालये २० ऑक्टोबर २०२१ रोजी उघडली. तोवर ही मुले दुसऱ्या वर्षाला गेली होती. वर्गमित्र म्हणजे पडद्यावरच्या काळ्या चौकोनातले एक नाव. ज्याच्याशी कधी डबा वाटून खाल्ला नाही, त्याला "मला बरे वाटत नाही" हे कसे सांगायचे?

भाषांतराची सेवा करताना एक शब्द मला नेहमी अडवतो. 'सोशल डिस्टन्सिंग'चे आपण सरळ 'सामाजिक अंतर' केले. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्येच 'शारीरिक अंतर' हा शब्द वापरायला सुरुवात केली होती, कारण अंतर शरीरांत हवे होते, माणसांत नव्हे. (सामाजिक अंतर आपल्याकडे आधीपासूनच पुरेसे होते, त्यासाठी विषाणूची गरज नव्हती.) 'एकांत' आणि 'एकटेपणा' यांचीही अशीच गल्लत होते.

गीतेच्या तेराव्या अध्यायात एकांतस्थानाची आवड हे ज्ञानाचे एक लक्षण सांगितले आहे. पण दहाव्या अध्यायात भक्त एकमेकांशी भगवंताविषयी बोलतात आणि त्यातच रमतात, असेही म्हटले आहे. तुकाराम महाराज भंडाऱ्याच्या डोंगरावर एकांतात बसत आणि कीर्तनासाठी माणसांत येत. एकांत त्यालाच शोभतो, ज्याला परत यायला गाव आहे. उपवास आणि उपासमार या दोन्हींत पोट रिकामेच असते. तरी उपाशी माणसाला आपण एकादशीचे माहात्म्य सांगत नाही.

इथे कुणी विचारेल, आत्मा जर पूर्ण आहे, तर साधकाला माणसांची गरज का भासावी? एकटे वाटणे ही साधनेतली उणीवच नाही का? प्रश्न गंभीर आहे, टाळता येणार नाही. पण २०२० ची आषाढी आठवा. पायी वारी झाली नाही, संतांच्या पादुका एसटी बसने पंढरपूरला गेल्या. विठ्ठल तर विटेवर होताच, घरच्या देव्हाऱ्यातही होता. मग वारकऱ्यांना हुरहूर कशाची लागली? त्यांची भक्ती कमी पडली, असे म्हणण्याचे धाडस आपण करू का? जॉन कॅसिओपो या अमेरिकी अभ्यासकाने एकटेपणाची तुलना भूक-तहानेशी केली आहे : तो दोष नाही, काहीतरी हवे असल्याची खूण आहे. मला हे पटते. भूक लागली म्हणून वैराग्य खोटे ठरत नाही.

अर्जुनाचेच पाहा. दोन सैन्यांच्या मधोमध, एवढ्या गर्दीत तो एकटा पडला. पहिल्या अध्यायात श्रीकृष्ण जवळजवळ काहीच बोलत नाहीत. अर्जुन बोलतो, त्याचे हातपाय गळतात, तो धनुष्य टाकून बसतो आणि ते ऐकतात. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी ते त्याला खडसावतात, हेही खरे. पण आत्म्याचे ज्ञान सुरू होते ते अर्जुनाने स्वतः मार्ग विचारल्यानंतर. आपण मात्र बहुतेक वेळा थेट आत्म्यापासून सुरुवात करतो.

आधार म्हणजे नेमके काय? मानसशास्त्राच्या अभ्यासांत वारंवार दिसले आहे की, मिळालेल्या मदतीपेक्षा "गरज पडली तर कुणीतरी येईल" ही खात्री मनाला जास्त सावरते. आम्हा वाणिज्य शाखेच्या मुलांना हे चटकन कळते. बँकेने मंजूर केलेली कर्जमर्यादा व्यापारी वर्षभर वापरणारही नाही, पण तिच्यामुळे त्याला रात्री झोप लागते. रॉबर्ट वाइस यांनी १९७३ मध्ये आणखी एक भेद दाखवला : समूह नसल्याचे एकटेपण वेगळे आणि जवळचे एक माणूस नसल्याचे वेगळे. एकाने दुसरे भरून निघत नाही. ऑनलाइन सत्संगाने पहिले पुष्कळ भागले. शेकडो लोक एकत्र बसले, ही लहान गोष्ट नव्हे. पण तिथे सर्वांचे माइक बंद असतात. दुसऱ्यासाठी कुणीतरी एकाने एकालाच फोन करावा लागतो.

तुमच्या केंद्राच्या यादीत एखादे तरुण नाव असेल, जे हळूहळू दिसेनासे झाले. त्याला फोन कराल तेव्हा "साधना चालू आहे ना?" हे आधी विचारू नका, "जेवलास का?" हे विचारा. गोष्ट आपल्या आवाक्याबाहेरची वाटली, तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक विनामूल्य आहे आणि चोवीस तास चालतो. लावताना सोबत बसा. बहुतेकदा मात्र तितकी वेळ येत नाही. पहिली दोन मिनिटे तो "बरं आहे" एवढेच म्हणत राहील. तेव्हा फोन ठेवण्याची घाई करू नका.