माळ्यावरचे बिऱ्हाड

यंदा मृगापूर्वी कवेलू फेरायला आलेला गडी माळ्यावरून ओरडला, "गुरुजी, वटवाघळं! धूर करू का?"

"कर बाबा, अपशकुनी मेली!" आई खालून म्हणाली. मीही होकार देणार, तोच बॅटरीच्या उजेडात आढ्याला लटकलेली एक मादी दिसली. पोटाला पिलू बिलगलेले. धुराने आया उडाल्या असत्या. पिले तिथेच गुदमरली असती.

मला सेवाग्राम आठवले. १९३६ साली गांधीजी तिथे राहायला आले, तेव्हा शिवारात सापांचा सुळसुळाट होता. साप धरून दूर सोडण्याचा लाकडी चिमटा आश्रमात आजही जपलेला आहे. तो सापाच्या प्रेमापोटी केलेला नव्हता. साप घरात नको होता. पण म्हणून तो मरावा, असेही नव्हते. या दोहोंमध्ये जी खटपट करावी लागते, तिचेच नाव अहिंसा असावे.

तेवढा कोपरा सोडून आम्ही कवेलू फेरले. पावसाळाभर लेंड्यांचा वास सोसला. पिले उडू लागल्यावर फटीवर जाळी टांगली. वरून बांधलेली, खालून मोकळी. बाहेर पडता यावे, परत शिरता येऊ नये. चार-पाच संध्याकाळी वाट पाहिली, मगच फट बुजवली.

दिवाळीला आईने माळ्यावर पणती ठेवली. मी त्यांना हाकललेच. फक्त निघायला वेळ दिला. एवढ्याने माणूस सज्जन ठरत नसेल. पण तिन्हीसांजेला अंगणावरून ती भिरभिरत गेली, की मान खाली घालावी लागत नाही.