जीव माझा, जोखीमही माझी?

प्रिय धर्मग्रामस्थांनो,

पाऊस सुरू झाला, की तुंगारेश्वरचे डोंगर हिरवेगार होतात आणि आपल्या तरुणांच्या पायांना भिंगरी लागते. कुणी कामणदुर्ग चढतो, कुणी चिंचोटीच्या धबधब्याची वाट धरतो. गेल्या रविवारी मिस्सानंतर एका तरुणाने मला थांबवून विचारले, "फादर, पावसाळ्यात चिंचोटीला जायला बंदी का घालतात? जीव माझा, जोखीमही माझी. त्यात पाप कसले?"

प्रश्न प्रामाणिक आहे. नुसते रागावून त्याचे उत्तर होणार नाही.

डोंगर चढणे ही मुळात चांगलीच गोष्ट आहे. मोशेला परमेश्वर सीनाय पर्वतावर भेटला. प्रभू येशू प्रार्थनेसाठी डोंगरावर एकांतात जात असे. दिवसभर रानवाटा तुडवणारा माणूस निर्मात्याच्या जवळच असतो. प्रश्न डोंगराचा नाही, जोखमीचा आहे.

ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल सांगतो, की धैर्य हा भित्रेपणा आणि बेफिकिरी ह्यांच्या मधला सद्गुण आहे. धोका पत्करला म्हणजे माणूस धैर्यवान ठरत नाही. तो कशासाठी पत्करला, हे पाहावे लागते. बुडणाऱ्याला वाचवायला एक जण डोहात उतरतो आणि फोटोसाठी दुसरा त्याच डोहात उडी मारतो. पाणी तेच, धोका तोच. पण कृती एक नाही.

शिवाय, जोखीम खरोखर 'माझी' एकट्याची असते का? 2018 च्या जुलै महिन्यात चिंचोटीला ओढ्याचे पाणी अचानक वाढले आणि शंभराहून अधिक पर्यटक जंगलात अडकले. एकाचा बुडून मृत्यू झाला. बाकीच्यांना बाहेर काढायला बचाव पथकांचे जवान भर पावसात गेले. त्यांच्याही घरी कुणीतरी वाट पाहत होते. आपण धोका पत्करतो, तेव्हा न विचारता त्यांचाही जीव पणाला लावतो. आणि आपल्या आईचे काय?

सैतानाने प्रभू येशूला मंदिराच्या शिखरावर नेले आणि खाली उडी टाक, देवदूत तुला झेलतील, असे सांगितले. त्यासाठी त्याने पवित्र शास्त्राचाच आधार घेतला! प्रभूने नकार दिला. देवावर विश्वास ठेवणे वेगळे आणि देवाची परीक्षा पाहणे वेगळे. गळ्यात क्रूस आहे म्हणून फुगलेल्या ओढ्यात पाय घालणे ही श्रद्धा नव्हे.

ह्याचा अर्थ जीव जपत घरात बसावे, असा मुळीच नाही. आपल्या रक्तसाक्षींनी प्राण दिले. स्वतः प्रभूने ते क्रूसावर दिले. पण त्यांनी ते कुणासाठी तरी दिले. जीव देता येतो, उधळता येत नाही. तो देवाने आपल्या हाती सोपवलेला आहे. आपण त्याचे कारभारी आहोत, मालक नव्हे. म्हणूनच 'खून करू नकोस' ही पाचवी आज्ञा स्वतःच्या जिवालाही लागू होते.

तेव्हा डोंगरात जरूर जा. पण पाऊस ओसरल्यावर, बंदी नसताना जा. वाट माहीत असलेल्या स्थानिक माणसाला सोबत घ्या. पाड्यावरचा आदिवासी बांधव 'पुढे जाऊ नका' म्हणाला, तर त्याचे ऐका. त्याचे सारे आयुष्य ह्या रानात गेले आहे. खाली ऊन असले, तरी वर डोंगरात पाऊस कोसळत असतो आणि बघता बघता पाणी चढते. दारूची बाटली नेऊ नका आणि आपला कचरा परत आणा. ते रान 2003 पासून अभयारण्य आहे. तिथे आपण पाहुणे आहोत.

त्या तरुणाला मी इतकेच म्हणालो, "बाळा, जाताना घरी सांगून जा, आणि जितके जण गेलात तितके परत या."

प्रभू आपल्या तरुणांचे रक्षण करो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू