खंडित मूर्ती आणि भाविकाचे कर्तव्य

तापी, गिरणा, पांझरा आणि बुराई या नद्यांच्या काठाकाठाने खान्देशात मध्ययुगीन मंदिरांचे अवशेष विखुरलेले आहेत. साक्री तालुक्यातील बळसाणे, चाळीसगाव तालुक्यातील वाघळी व पाटण, मुक्ताईनगर तालुक्यातील चांगदेव ही त्यांतील काही ठळक स्थाने होत. यांखेरीज कितीतरी गावांत वेशीजवळ, पिंपळाच्या पारावर किंवा विहिरीच्या काठावर एखादी जुनी पाषाणमूर्ती टेकवून ठेवलेली आढळते. कुठे हात तुटलेला विष्णू असतो, कुठे मुख झिजलेली देवी, कुठे नुसताच चरणांचा भाग. काहींना नित्य शेंदूर व तेल मिळते, काहींकडे वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही.

अशा मूर्तीसमोर उभ्या राहिलेल्या भाविकाच्या मनात साहजिकच शंका येते. खंडित मूर्तीत देव असतो काय? नसेल, तर तो केवळ एक दगड समजावा काय? आणि दगड समजला, तरी त्याच्याविषयी आपले काही कर्तव्य उरते की नाही? दरवर्षी हजारो यात्रेकरू मंदिरांच्या आवारात घरातील भंगलेल्या मूर्ती ठेवून जातात, त्यामुळे हा प्रश्न प्रत्येक घराला स्पर्श करणारा आहे.

शास्त्राचा दृष्टिकोन

आपल्या परंपरेत मूर्ती आणि देवता यांत भेद मानला आहे. शिल्पी मूर्ती घडवितो, प्राणप्रतिष्ठेने तिच्या ठायी देवतेचे आवाहन होते आणि नित्यपूजेने ते सान्निध्य जागते राहते. मूर्ती भग्न झाल्यास काय करावे, याचाही विचार पूर्वसूरींनी केला आहे. अग्निपुराणातील जीर्णोद्धाराच्या प्रकरणात जीर्ण अथवा भग्न मूर्ती विधिपूर्वक उचलून काष्ठमूर्ती अग्नीत, पाषाणमूर्ती जलात आणि धातूची मूर्ती अथांग पाण्यात विसर्जित करावी असे सांगितले आहे. तिच्या जागी नवी मूर्ती स्थापावी, असाही आदेश आहे.

या विधीचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. भग्न मूर्ती टाकून द्यावी असे शास्त्र म्हणत नाही, तिला निरोप द्यावा असे म्हणते. घरातील वडीलधाऱ्या माणसाच्या देहावर जसे अंत्यसंस्कार होतात, तसाच हा संस्कार आहे. प्राण गेल्यावरही देहाची विटंबना होऊ नये, हीच त्यामागील भावना. रस्त्याच्या कडेला, झाडाच्या बुंध्याशी किंवा मंदिराच्या मागील भिंतीजवळ मूर्ती सोडून निघून जाणे या विधीत कोठेच बसत नाही.

सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत याहून सूक्ष्म विचार आढळतो. मूर्तीसाठी लाकूड आणावयाचे असेल, तर वनात जाऊन योग्य वृक्ष कसा निवडावा, त्याची पूजा कशी करावी आणि त्यावर वास करणाऱ्या जीवांनी अन्यत्र जावे अशी प्रार्थना कशी करावी, याचे त्यात सविस्तर वर्णन आहे. त्या वेळी मूर्ती घडलेली नसते, प्रतिष्ठाही झालेली नसते. तो केवळ एक वृक्ष असतो, तरीही तो हात जोडण्यास पात्र ठरतो. देवत्व येण्यापूर्वी जर लाकडाचा मान राखावयाचा, तर देवत्वाचे विसर्जन झाल्यानंतर पाषाणाचा मान कसा संपेल?

नियमाला अपवादही आहे. ठक्कर फेरू या जैन विद्वानाने इ. स. १३१५ मध्ये वास्तुसार हा ग्रंथ रचला. शंभर वर्षांहून अधिक जुनी आणि थोर पुरुषांनी स्थापिलेली प्रतिमा व्यंगयुक्त असली तरी पूजनीयच होय, असे त्यात म्हटले आहे. उत्तर भारतात अनेक देवालये भग्न होत असतानाचा तो काळ होता, हे लक्षात घेतले म्हणजे या वचनामागील करुणा कळते. मूर्तीचे वय आणि तिच्या मागे उभी असलेली भक्तांची परंपरा हीच तिची पूर्णता होय, असे या विद्वानास वाटले असावे.

काष्ठ आणि पाषाण

काष्ठाचा देव आणि पाषाणाचा देव यांचे आयुष्य निराळे असते. जगन्नाथपुरी येथे कडुनिंबाच्या लाकडाच्या मूर्ती आहेत. ज्या वर्षी अधिक आषाढ येतो, त्यांतील ठरावीक वर्षी नवकलेवर होते. अलीकडे १९९६ व २०१५ मध्ये ते झाले. नव्या मूर्ती घडविल्या जातात, जुन्या मूर्तींतील ब्रह्मपदार्थ त्यांत स्थापिला जातो आणि जुन्या मूर्तींना मंदिराच्याच आवारात भूमीत समाधी दिली जाते. दैतापती सेवक घरातील माणूस गेल्यासारखे सुतक पाळतात. लाकडाचा देव माणसासारखा जीर्ण होतो, आणि म्हणूनच त्याच्या जीर्ण होण्याची काळजी वाहणारी माणसे पिढ्यानपिढ्या सिद्ध असतात.

पाषाणमूर्तीच्या बाबतीत उलट घडते. ती टिकते, पण तिची माणसे आधी जातात. ज्या राजाने मंदिर बांधले त्याचे राज्य बुडते, ज्या गावाने दिवा लावला ते गाव उठून जाते, पुजाऱ्याचा वंश संपतो. बळसाणे येथील मध्ययुगीन मंदिरे आज पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. त्यांच्या भिंतींवरील देवदेवतांना नित्य नैवेद्य नाही. त्याच गावी विमलनाथ भगवंतांचे जैन तीर्थ मात्र यात्रेकरूंनी गजबजलेले असते. एकाच गावात एक देवालय जागते आहे आणि दुसरे स्तब्ध आहे. दोन्ही ठिकाणी छिन्नी चालविणाऱ्या हातांची निष्ठा मात्र सारखीच होती.

रामकृष्णांचे उत्तर

१८५५ साली कोलकात्याजवळील दक्षिणेश्वर येथे पुजाऱ्याचा पाय घसरला आणि त्याच्या हातातील श्रीकृष्णाच्या मूर्तीचा पाय दुखावला. पंडितांनी मूर्ती विसर्जित करून नवी बसविण्याचा निर्णय दिला. राणी रासमणी यांनी श्रीरामकृष्णांचे मत विचारविले. राणीच्या जावयाचा पाय मोडला असता, तर त्याला टाकून देऊन दुसरा जावई आणला असता की त्याच्यावर उपचार केले असते, असे त्यांनी उलट विचारले. पुढे त्यांनी स्वहस्ते ती मूर्ती सांधली आणि दीर्घकाळ तिचीच पूजा होत राहिली.

पंडितांचे म्हणणे चुकीचे होते असे नाही. ध्यानासाठी मनासमोर पूर्ण रूप हवे, ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु पंडितांनी मूर्तीकडे विधीच्या दृष्टीने पाहिले आणि रामकृष्णांनी नात्याच्या दृष्टीने. विधीत उणीव चालत नाही. नात्यात मात्र उणीव दिसली की जबाबदारी वाढते.

तीन ऋणे

प्रत्येक मनुष्य देवऋण, ऋषिऋण व पितृऋण घेऊन जन्मास येतो, असे आपण मानतो. जुन्या मूर्तीच्या ठायी ही तिन्ही ऋणे एकत्र आलेली दिसतात. देवतेचे विसर्जन झाले म्हणजे देवऋणाचा व्यवहार पूर्ण झाला असे कोणी म्हणू शकेल. पण उरलेल्या दोन ऋणांचे काय?

वाघळी येथील मुधाईदेवीच्या मंदिरात शके ९९१, म्हणजे इ. स. १०६९ चा शिलालेख आहे. यादव नृपती दुसरा सेउणचंद्र याच्या काळातील मौर्य कुळाच्या गोविंदराजाने शिवमंदिरासाठी केलेल्या दानाची वार्ता त्यातून कळते. पाटण येथे, चंडिकादेवीच्या परिसरात, शके ११२८ चा शिलालेख मिळाला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी होता. हा चांगदेव योगी चांगदेवांहून वेगळा. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याने तेथे मठ स्थापिला आणि निकुंभ कुळातील सोइदेवाने त्यासाठी दान दिले, ही माहिती त्या लेखाने जपली. त्याचा काही भाग जुन्या मराठीत आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला.

या शिळेची कोणी पूजा करीत नव्हते. एखाद्याने ती धुण्याचा दगड म्हणून नेली असती किंवा घराच्या पायात घातली असती, तर गणितज्ञ आजोबांचे ज्ञान पुढील पिढ्यांस शिकविण्यासाठी धडपडणाऱ्या नातवाची ही कथा खान्देशास कळलीच नसती. हे ऋषिऋण होय. आणि जिने आपल्या पूर्वजांचा नवस, भीती, आनंद व अश्रू पाहिले, ती पारावरची मूर्ती म्हणजे पितृऋण होय. देव त्या मूर्तीतून गेला असे मानले, तरी हे देणे फिटत नाही.

पार की संग्रहालय

मग अशा सर्व मूर्ती संग्रहालयात न्याव्यात काय? इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे निधन झाले. लगोलग १९२७ च्या जानेवारीत तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. कागदपत्रांबरोबरच खान्देशातील शिल्पांनाही त्या मंडळाने आसरा दिला. ज्या मूर्तीस कोणी उरले नाही, तिला असे छत्र मिळणे हे पुण्यकर्मच आहे. परंतु ज्या मूर्तीपुढे आजही गावातील स्त्रिया दिवा लावतात, ती उचलून काचेमागे ठेवल्यास गावाचा आधार जातो. जिथे पूजा चालू आहे, तिथे मूर्ती गावातच सुरक्षित राहावी. जिथे सारे ओसाड झाले, तिथे ती जाणकारांच्या हाती जावी. यातील प्रत्येक निर्णय गावाने व पुरातत्त्व खात्याने मिळून घ्यावा, हे उचित.

संग्रहालयात गेलेली मूर्ती कायमची मूक होते, असेही नाही. काशीतील अन्नपूर्णेची अठराव्या शतकातील एक पाषाणमूर्ती शंभराहून अधिक वर्षांपूर्वी परदेशी नेली गेली. कॅनडातील रेजायना विद्यापीठाच्या संग्रहात ती राहिली. २०२० मध्ये विद्यापीठाने ती परत केली आणि १५ नोव्हेंबर २०२१ रोजी काशी विश्वनाथ मंदिरात तिची पुनःस्थापना झाली. कोणीतरी तिला जपले म्हणूनच पुन्हा आरती ओवाळता आली. पंढरपूर येथेही २०२४ मध्ये मंदिराचे काम चालू असता एका तळघरात जुन्या पाषाणमूर्ती आढळल्या. कोणे एके काळी कोणीतरी त्या मूर्ती फेकून न देता तेथे ठेवल्या होत्या.

भक्तीने होणारी झीज

येथे एक अवघड गोष्टही बोलली पाहिजे. मूर्तीची हानी केवळ आक्रमकांनी किंवा चोरांनी केलेली नाही. भक्तांच्या प्रेमानेही ती झिजते. पंढरपूरच्या श्रीविठ्ठलाचे चरण लक्षावधी हातांच्या स्पर्शाने व अभिषेकाने झिजले आणि मूर्तीस वेळोवेळी वज्रलेप करावा लागला. २०२० मध्येही तो करण्यात आला. खान्देशातील असंख्य कुळांची कुलदेवता असलेल्या वणीच्या सप्तशृंगी मातेच्या मूर्तीवर वर्षानुवर्षे साचलेले शेंदराचे थर २०२२ मध्ये जाणकारांच्या देखरेखीखाली काढण्यात आले, तेव्हा मातेचे मूळ रूप भाविकांस पाहता आले. ज्यांनी शेंदूर वाहिला त्यांची भक्ती खोटी नव्हती. परंतु देवाला काय सोसते, हा विचारही भक्तीचाच भाग होय. लेकराने आईच्या गळ्यात पडावे, पण आई वृद्ध झाल्यावर अंगावर भार टाकू नये.

कोरे पत्र

तापी-पूर्णेच्या संगमावरील चांगदेव येथे महाशिवरात्रीस मुक्ताई-चांगदेवांची यात्रा भरते. तेथील प्राचीन मंदिराचे शिखर आज नाही. योगी चांगदेवांनी ज्ञानदेवांस कोरे पत्र पाठविले, ही कथा सर्वश्रुत आहे. कोऱ्या कागदास उत्तर काय द्यावे, असे म्हणून ज्ञानदेवांनी तो बाजूस ठेवला नाही; पासष्ट ओव्यांचे उत्तर लिहिले. मुख झिजलेली मूर्तीही अशीच कोरी भासते. तिच्यात वाचण्यासारखे काही उरले नाही असे म्हणून पुढे जाणे सोपे आहे. तिला उत्तर देणे हे भाविकाचे काम आहे.

ते उत्तर मोठ्या शब्दांत द्यावे लागत नाही. प्राचीन मूर्तीवर तेल, दूध वा शेंदूर न ओतता दुरूनच हात जोडावेत. भिंतीवर नाव कोरू नये, नारळ शिल्पावर फोडू नये, सुटा पडलेला तुकडा पवित्र म्हणूनही घरी नेऊ नये. शेतात वा पायात जुनी मूर्ती निघाल्यास ती परस्पर रंगवू किंवा सिमेंटने सांधू नये. तहसील कार्यालयामार्फत जिल्हाधिकाऱ्यांस कळवावे, कारण १८७८ च्या निखात निधी कायद्याने तसे बंधन आहे. शंभर वर्षांहून जुन्या शिल्पांच्या व्यापारावर १९७२ च्या पुरावशेष कायद्याचे नियंत्रण आहे, हेही ध्यानात असावे. घरातील अलीकडची मूर्ती भंगल्यास ती मंदिराच्या आवारात सोडून न जाता गुरुजींच्या सल्ल्याने तिचे यथाविधी विसर्जन करावे.

देव अखंड आहे. तो मूर्तीबरोबर भंगत नाही. भंगते ती आपल्या पूर्वजांनी त्याच्यासाठी उभी केलेली जागा. ती जागा सांभाळणे, हीही पूजाच होय. सर्व भाविकांस ही सद्बुद्धी लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.