कोळशाचा विस्तव



११ जुलै २००६ ची संध्याकाळ आपल्या वसई-विरारकडचे लोक विसरलेले नाहीत. चर्चगेटहून घरी परतणाऱ्या लोकलगाड्यांत काही मिनिटांच्या अंतराने सात बॉम्बस्फोट झाले. १८० हून अधिक माणसे दगावली.

त्यातून बचावलेले एक गृहस्थ काही वर्षांनी आमच्याकडे आले. अंगावर जखम नव्हती. पण गाडी फलाटाला लागताना खडखडाट ऐकला की छाती धडधडे, तळहातांना घाम फुटे. गाडी सुटून जाई आणि ते बाकावरच बसून राहत. "फादर, मी रोज रोझरी म्हणतो. मग माझी श्रद्धा कमी पडते का?" त्यांनी विचारले. आम्ही म्हणालो, "देवावर भरवसा ठेवा, भीती पळून जाईल." ते मान खाली घालून गेले.

आज ते उत्तर आम्हाला बोचते. आपल्या मेंदूत दोन्ही बाजूंना, आत खोलवर, बदामाच्या आकाराचा एक लहानसा भाग असतो. त्याला अमिग्डला म्हणतात. धोक्याची खूण तो जपून ठेवतो. शेजारचा हिप्पोकॅम्पस ती घटना कुठे घडली हे लक्षात ठेवतो. पुढे तसाच आवाज किंवा वास आला की आपण विचार करण्याआधीच इशारा सुटतो. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून अॅड्रेनलीन रक्तात उतरते, मागोमाग कॉर्टिसॉल येते. हृदय धावू लागते, श्वास वाढतो, स्नायू ताठरतात. देवाने शरीराला दिलेली ही राखण आहे. पण कधी कधी धोका टळला तरी राखणदार झोपत नाही.

सेमिनरीत आम्ही संत थॉमस अक्वायनस यांचे म्हणणे शिकलो होतो: भीतीसारखी भावना शरीरासह उठते आणि ती नुसती उठली म्हणून माणूस दोषी ठरत नाही. परीक्षेत हे लिहिले, त्या गृहस्थांसमोर मात्र आठवले नाही. गेथशेमाने बागेत प्रत्यक्ष प्रभूलाही घाम फुटला होता, हेसुद्धा आम्ही विसरलो.

भीतीची आठवण सहसा पुसली जात नाही. मात्र त्याच खुणेसमोर सुरक्षिततेचा अनुभव पुन्हा पुन्हा आला, तर मेंदू एक नवी आठवण तयार करतो आणि कपाळामागचा भाग अमिग्डलाला आवर घालू लागतो. जुनी भीती कधीतरी परत डोके वर काढते. त्यात कोणाची हार नाही.

संत योहानाच्या शुभवर्तमानात कोळशाचा विस्तव दोनदा येतो. प्रमुख याजकाच्या वाड्यात अशाच विस्तवाशी शेकत असताना पेत्राने घाबरून प्रभूला तीनदा नाकारले. पुनरुत्थानानंतर सरोवराच्या काठी प्रभूने पुन्हा कोळशाचा विस्तव पेटवला, त्यावर मासे भाजले, पेत्राला न्याहारी दिली आणि तीनदा प्रेमाविषयी विचारले. प्रभूने त्याला जुन्या विस्तवापासून दूर नेले नाही. तशाच विस्तवापाशी तो त्याच्याबरोबर बसला.

त्या गृहस्थांना त्यांचा मुलगा मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेला. त्यांच्या सल्ल्याने बापलेक आधी नुसतेच फलाटावर बसले. मग दुपारच्या रिकाम्या गाडीने वसई ते नायगाव, एकच स्टेशन. पुढे खाडी ओलांडून भाईंदर. हातांना आजही कधी घाम येतो, पण गाडी सुटत नाही.

आपल्या घरातही असे कोणी असेल. पुराच्या आठवणीने पावसाला भिणारी आई असेल, मार खाल्लेले आणि दार आपटले की दचकणारे मूल असेल. त्यांची श्रद्धा मोजू नका. गरज असेल तर डॉक्टरांकडे न्या. आणि ज्या विस्तवाची त्यांना भीती वाटते, त्याच्यापाशी त्यांच्याबरोबर बसा. आमच्याकडून जे राहून गेले, ते आपल्या हातून घडो.

प्रभू आपणां सर्वांना त्याची शांती देवो. आमेन.