पूर्ण नाव सांगा

गेल्या वर्षी माझी मावशी अंबरनाथला आठ दिवस रुग्णालयात होती. वय पंचाहत्तर, हृदयाचं दुखणं जुनं. त्या वॉर्डात नर्सिंग शिकणारी एक मुलगी ड्युटीला असे. बदलापूरहून सकाळची लोकल पकडून यायची. मोठ्या सिस्टरांसोबत औषधांचा ट्रे घेऊन ती खाटेशी आली की पहिलं वाक्य ठरलेलं, "आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा." मावशी सांगे. मग ती केस पेपरवरचं नाव बोट ठेवून वाची आणि त्यानंतरच गोळी मावशीच्या हातावर ठेवी. दुपारी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मावशी वैतागली. "अगं पोरी, सकाळीच सांगितलं ना? अजून लक्षात नाही राहिलं?" मुलगी म्हणाली, "राहिलंय आजी. तरी सांगा."

त्या 'तरी सांगा'ने मला विचारात पाडलं. ठाऊक असूनही विचारायचं, रोज विचारायचं, समोरचा चिडला तरी विचारायचं. नर्सिंगच्या पहिल्या वर्षात पाच गोष्टी घोटून घेतात: योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. त्यात रुग्ण सगळ्यात आधी येतो. तो चुकला की पुढच्या चार गोष्टी कितीही बिनचूक असोत, त्या भलत्याच माणसाच्या अंगात जातात. विचारायचीही रीत आहे. "तुम्ही शांताबाई ना?" असं विचारायचं नसतं. गुंगीतला, कमी ऐकू येणारा किंवा घाबरलेला माणूस कशालाही 'हो' म्हणतो. नाव त्याच्याच तोंडून यायला हवं.

आपल्याकडे रुग्णाला नावापेक्षा नंबरानेच जास्त हाक मारली जाते. "बारा नंबरची सलाईन संपली", "सात नंबरला इंजेक्शन द्यायचंय." कामाच्या रगाड्यात ते होतं. उल्हासनगरकरांना तर नंबराचं आयुष्य चांगलंच ठाऊक आहे. फाळणीनंतर घरदार सोडून आलेली सिंधी माणसं इथल्या लष्करी छावणीत उतरली, १९४९मध्ये गावाला उल्हासनगर हे नाव मिळालं. पण पत्ते कॅम्प नंबर आणि बराक नंबरांतच राहिले. त्या बराकींतून ज्यांनी संसार उभे केले, त्यांना विचारा, नंबरामागचं माणूस कुणी नावाने ओळखलं तर काय वाटतं. खाटेवरचा माणूस रात्रीत दुसऱ्या खाटेवर हलवला जातो. नंबर खाटेचा असतो आणि औषध माणसाचं.

सप्टेंबर २०२१मध्ये आपल्याच ठाणे जिल्ह्यात, कळव्याच्या एका आरोग्य केंद्रात, कोविडची लस घ्यायला आलेला एक माणूस चुकून रेबीजच्या लसीच्या रांगेत उभा राहिला आणि त्याला रेबीजची लस टोचली गेली. त्याचा केस पेपर पाहिला गेला नव्हता. तुम्ही कोण आणि कशासाठी आलात, एवढं विचारायला किती वेळ लागला असता? पण लसीकरणाच्या त्या महिन्यांत नर्सच्या टेबलापुढच्या रांगा ज्यांनी पाहिल्यात, त्यांना हेही कळेल, की तो क्षणभराचा वेळच तेव्हा सगळ्यात महाग झाला होता.

माणसाचं नाव, तसंच बाटलीचं. जानेवारी २०२१च्या अखेरीस यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातल्या एका गावात बारा लहान मुलांना पोलिओच्या डोसऐवजी सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलं वाचली. म्हणूनच लेबल एकदा वाचून भागत नाही. कपाटातून काढताना, औषध भरताना आणि परत ठेवताना, असं तीनदा वाचायला शिकवतात. वाचायचं तेही नाव आणि आकडा दोन्ही. इन्सुलिनचंच पाहा. आपल्याकडे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटचं इन्सुलिन मिळतं, तसंच १०० युनिटचंही. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या. ४०ची लाल टोपीची, १००ची नारिंगी. लाल टोपीच्या सिरिंजमध्ये १०० युनिटवालं इन्सुलिन २०च्या खुणेपर्यंत भरलं, तर अंगात २० नव्हे, ५० युनिट जातात. साखर एकदम उतरते आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो. दोन टोप्यांच्या रंगात फरक थोडाच, पण तो पाहणारे डोळे जागे हवेत.

औषधाचं नाव वाचणं म्हणजे नुसती अक्षरं लावणं नव्हे. त्याचा स्वभावही माहीत हवा. चौथ्या दिवशी त्या मुलीने मावशीचं मनगट धरलं, घड्याळाकडे पाहत पूर्ण एक मिनिट नाडी मोजली आणि डिगॉक्सिनची गोळी पुन्हा ट्रेमध्ये ठेवली. मला कळेना. ती म्हणाली, "ठोके अठ्ठावन्न आहेत. ही गोळी ठोक्यांना जोर देते, पण त्यांचा वेग कमी करते. साठच्या खाली असले तर आधी डॉक्टरांना विचारायचं." या औषधाच्या गुणकारी आणि घातक मात्रेत अंतर फार थोडं असतं. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध हातात असताना थांबायचं आणि वरिष्ठांना जाऊन विचारायचं, याला धैर्य लागतं. विशीतल्या मुलीत ते आलं, कारण ती गोळी काय करते हे तिला समजलं होतं.

औषध दिल्यावर ती चार्टवर वेळ लिही आणि सही करी. देण्याआधी कधीच नाही. 'हे मी दिलं' असं त्या सहीने ती सांगत असे. चूक झाली तर तीच सही पुढे करून 'हे माझ्या हातून झालं' असं सांगावं लागतं, आणि लगेच सांगावं लागतं, कारण वेळेवर कळलेली चूक बरीचशी सावरता येते. इथे बाकीच्यांची परीक्षा असते. कळव्यात नर्सला निलंबित केलं गेलं, यवतमाळलाही कर्मचाऱ्यांवर तीच कारवाई झाली. बेफिकिरीला शिक्षा हवीच. पण सांगणाऱ्याला आधी शिक्षाच मिळते, असं एकदा मनात बसलं की पुढची मुलगी घाबरून गप्प राहील, आणि तिच्या गप्प राहण्याची किंमत खाटेवरचा माणूस मोजेल. चूक कुणाची, हे विचारावं. त्याच दमात ती झाली कशी, हेही विचारावं. दोन रांगांमधून माणूस चुकू शकतो, तर रांगांची मांडणी कुणी बदलली का?

आपल्यालाही थोडं करता येईल. सिस्टर ट्रे लावत असताना "डॉक्टर कधी येणार?" म्हणून मध्येच अडवू नये, तेवढ्यात तिचा आकडा चुकतो. पुन्हा नाव विचारलं तर कुरकुर करू नये. हातावर ठेवलेली गोळी कशाची, हे विचारायला आपणही लाजू नये.

घरी सोडायच्या दिवशी ती मुलगी शेवटची गोळी घेऊन आली. ती तोंड उघडणार एवढ्यात मावशीने आपलं, नवऱ्याचं आणि आडनाव असं सगळं स्पष्ट म्हणून दाखवलं. मग तिचा हात धरून म्हणाली, "आता तुझं पूर्ण नाव सांग बाळा."

आठ दिवस तिने दर वेळी आमचं नाव विचारलं होतं. आम्ही तिचं तेव्हा पहिल्यांदा विचारलं.