पूर्वजांची जमीन

चीनमध्ये साम्यवादी सत्ता कशी आली हे सांगताना इतिहासकार बहुधा सैन्यांच्या हालचाली सांगतात. १९३४-३५ ची दीर्घ पदयात्रा, १९३७ पासून जपानशी चाललेले आठ वर्षांचे युद्ध, मग कुओमिंतांगशी यादवी, आणि अखेर १ ऑक्टोबर १९४९ रोजी पेकिंगमध्ये झालेली प्रजासत्ताकाची घोषणा. हे सर्व खरेच आहे. तथापि देवस्थानाच्या छायेत वाढलेल्या आम्हांस या कथेतील एक गोष्ट अधिक अस्वस्थ करते, आणि ती गावातील पितृमंदिराची आहे.

दक्षिण चीनमध्ये, विशेषतः क्वांगतुंग व फुकिएन प्रांतांत, एकेका वंशाचे स्वतःचे मंदिर असे. मूळपुरुषापासूनच्या पूर्वजांची नावे लिहिलेल्या लाकडी पट्टिका तेथे मांडलेल्या असत. ठरलेल्या तिथीला सारे भाऊबंद जमत, नैवेद्य होई, पंगत बसे. या पूजेच्या खर्चासाठी आणि वंशातील होतकरू मुलांच्या शिक्षणासाठी जमिनी राखून ठेवलेल्या असत. त्या कोणा एकाच्या नव्हेत, पूर्वजांच्या मानल्या जात. महाजन आणि देवस्थानाचे उत्पन्न म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही व्यवस्था अधिक उलगडून सांगावयास नको. अर्थशास्त्रज्ञ चेन हान-शंग यांनी १९३० नंतरच्या दशकात क्वांगतुंगची पाहणी केली, तेव्हा तेथील लागवडीच्या जमिनीपैकी सुमारे एक-तृतीयांश अशा संस्थांच्या हाती आढळली.

आता या जमिनी कसत कोण होते? पुष्कळदा त्याच वंशातील गरीब भाऊबंद. खंड कित्येक ठिकाणी निम्म्या पिकाच्या घरात जाई. हिशेबाची वही वंशातील धनिकांच्या हाती असे. आपल्या भाषेत ‘कूळ’ हा शब्द वंशालाही लागतो आणि दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यालाही. क्वांगतुंगमध्ये हे दोन्ही अर्थ एकाच माणसाच्या अंगावर पडले होते. ज्या पूर्वजाला नैवेद्य दाखवावयाचा, त्याच्याच नातवंडांच्या ताटातून तो काढला जात होता. असा नैवेद्य पूर्वजांस पोहोचत असेल, असे आम्हांस वाटत नाही.

माओ-त्से-तुंग याने १९२७ साली हुनान प्रांतातील शेतकरी चळवळीवर जो अहवाल लिहिला, त्यात चिनी माणसाला जखडणारी चार बंधने सांगितली आहेत: राजसत्ता, वंशसत्ता, देवसत्ता, आणि स्त्रियांच्या बाबतीत पतीची सत्ता. रोगाचे निदान म्हणून यात चूक काढणे कठीण आहे. जून १९५० च्या जमीन सुधारणा कायद्याने पितृमंदिरे, देवळे, मठ व चर्चे यांच्या ग्रामीण जमिनी सरकारजमा केल्या. त्याच वर्षीच्या विवाह कायद्याने सक्तीचे विवाह आणि उपपत्नी ठेवण्याची चाल बंद केली. शेतकऱ्याची सुई वा दोरादेखील फुकट घेऊ नये असा ज्यांच्या सैन्याचा नियम होता, त्यांच्यावर गरिबांनी विश्वास टाकला यात नवल नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस याच सैन्याच्या जखमी शिपायांची शुश्रूषा करता करता १९४२ साली तिकडेच निवर्तले. त्या निष्ठेला भाबडेपणा म्हणण्यास आम्ही तयार नाही.

परंतु अन्याय खरा होता, एवढ्यावरून तो दूर करणाऱ्याचे प्रत्येक कृत्य न्याय्य ठरते काय? जमीनवाटपासाठी गावोगाव सभा भरविल्या गेल्या. कुळांनी आपल्या हालअपेष्टा उच्चारून सांगावयाच्या, आणि जमीनदाराने मान खाली घालून ऐकावयाच्या. पिढ्यान्‌पिढ्या मुके राहिलेले लोक तेथे प्रथमच बोलले, ही लहान गोष्ट नव्हे. पण त्याच सभांत माणसे ठेचून मारली गेली, आणि अशा मृतांची संख्या लाखांत मोजली जाते. दुःख सांगण्याचा अधिकार आणि शिक्षा देण्याचा अधिकार यांत अंतर आहे. ते अंतर तेथे हेतुपूर्वक पुसण्यात आले, कारण ज्याचे हात रक्ताने माखले त्याला मागे फिरता येत नाही.

सुमारे ३० कोटी शेतकऱ्यांना जमीन मिळाली असे सरकारी आकडे सांगतात. ती त्यांच्याकडे किती काळ राहिली? १९५६ अखेर बहुतेक सारी सामुदायिक शेतीत गेली आणि १९५८ मध्ये कम्यून आले. घरोघरच्या चुली विझवून सार्वजनिक भोजनगृहे उघडली. कढया पोलादाच्या भट्टीत गेल्या. चुलीवर चित्र लावून पूजिला जाणारा, वर्षाअखेर स्वर्गात घरची हकीकत सांगणारा चिनी गृहदेव तेव्हा काय सांगता, कोण जाणे! १९५९ ते १९६१ च्या दुष्काळात दीड कोटींपासून साडेचार कोटींपर्यंत माणसे मेली, असे निरनिराळे अंदाज आहेत.

आमच्या मते दोष एकच होता, आणि तो दोन्हीकडे होता. वंशातील धनिक पूर्वजांच्या नावाने धान्य घेत होता. पक्ष जनतेच्या नावाने घेऊ लागला. दोघेही विश्वस्त, आणि दोघांनाही आपण मालक आहोत असे वाटू लागले. फरक इतकाच की वंशातील वृद्धाला निदान वर्षातून एकदा त्या पट्टिकांसमोर हात जोडून उभे राहावे लागे, आणि भाऊबंद त्याच्याकडे पाहत असत. पक्षाला कोणासमोरच उभे राहावयाचे नव्हते.

त्या १९२७ च्या अहवालात माओने असेही म्हटले होते की मूर्ती शेतकऱ्यांनी उभारल्या आहेत, वेळ येताच ते स्वतःच्या हातांनी त्या दूर करतील, इतरांनी घाई करू नये. शहाणपणाचे बोल होते! नोव्हेंबर १९६६ मध्ये पेकिंगहून निघालेल्या रक्षक-विद्यार्थ्यांनी चुफू येथील कन्फ्यूशियसच्या मंदिरावर घाला घातला आणि त्याच्या वंशजांची थडगी उकरली. थांबण्याची आठवण त्यांना कोणी दिली नाही.

१९७८ साली आनह्वेई प्रांतातील श्याओगांग गावच्या अठरा शेतकऱ्यांनी गुप्त करार करून शेते घरोघर वाटून घेतली, आणि पुढे काही वर्षांतच कम्यून मोडले. दक्षिणेकडील पितृमंदिरे पुन्हा बांधली गेली, कित्येक तर परदेशी गेलेल्या भाऊबंदांच्या पैशाने. शेतजमीन मात्र आजही कायद्याने सामुदायिक आहे. पूर्वजांच्या नावे आता खंड येत नाही, पूजेचा खर्च वर्गणीतून चालतो. काही वंशांनी वंशावळीच्या नव्या प्रतींत मुलींचीही नावे घालण्यास सुरुवात केली आहे.